तंबाखूच्या कोठारातले राजकारण

मोरहेड, केंटकी
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. निपाणीच्या वाचनालयातील व्याख्यानासाठी तू विचारले आहेस, की अमेरिकेतील खेडी एकाएकी ट्रम्प यांच्याकडे कशी वळली. साऱ्या देशाविषयी मी काय सांगणार? पण येथून पाऊण तासावर सँडी हूक नावाचे गाव आहे. वस्ती जेमतेम सहाशेची, आपल्याकडे वाडीच म्हटली असती, तरी ते एलियट काउंटीचे, म्हणजे इथल्या जिल्ह्याचे, मुख्य ठाणे आहे. तुझ्या प्रश्नातला ‘एकाएकी’ हा शब्द मला खटकतो, तो या गावामुळेच.

ही काउंटी १८६९ साली स्थापन झाली आणि तेव्हापासून २०१२ पर्यंतच्या प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत तिने डेमोक्रॅटिक पक्षालाच आघाडी दिली. १९७२ मध्ये निक्सन आणि १९८४ मध्ये रेगन या रिपब्लिकन उमेदवारांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली, तेव्हाही ही डोंगराळ, जवळजवळ संपूर्ण गोरी काउंटी जागची हलली नाही. २००८ मध्ये तिने ओबामांना ६१ टक्के मते दिली. २०१६ मध्ये मात्र ट्रम्प यांना ७० टक्के मिळाली आणि त्यानंतरच्या दोन्ही निवडणुकांत त्यांचा वाटा वाढतच गेला. वर्तमानपत्रांनी हा दीडशे वर्षांचा गड एका रात्रीत पडल्यासारखे रंगवले; पण २०१२ मध्येच ओबामांची मते निम्म्याच्या खाली येऊन ते थोडक्यात पुढे राहिले होते, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. भिंत आधीच पोखरली गेली होती.

कशाने, ते मला एका कोठारात कळले. आमच्या विद्यापीठाच्या देखभाल विभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मला गेल्या रविवारी सँडी हूकजवळच्या आपल्या शेतावर घेऊन गेले. तुमचा निपाणीचा तंबाखू उन्हात वाळतो. इथला बर्ली जातीचा तंबाखू सावलीत, कोठाराच्या आडव्या वाशांना टांगून सुकवतात. त्यांचे वासे आता रिकामे आहेत, खाली गवताच्या गोल गाठी रचलेल्या आहेत, पण लाकडाला तो वास अजून आहे आणि दाराच्या आतल्या बाजूला कोणत्या तरी जुन्या हंगामाची वजने खडूने लिहिलेली आहेत. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळापासून येथे प्रत्येक शेताला तंबाखूचा कोटा ठरलेला असे आणि त्या बदल्यात सरकार किमान भावाची हमी देई. चार-पाच एकरांचा शेतकरीही त्यावर मुलांची लग्ने करी. डेमोक्रॅटिक पक्षावरील निष्ठेचे मूळ अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या वैरात असेल, पण तिला खतपाणी घातले ते या कोट्याने. २००४ च्या कायद्याने कोटा रद्द झाला, दहा वर्षे हप्त्यांनी भरपाई मिळाली आणि हिशेब मिटला. १९८१ च्या आंदोलनात भावासाठी तुमच्याकडचा शेतकरी कसा रस्त्यावर उतरला होता, हे तुला मी सांगायला नको. येथे मात्र तो मुकाट्याने घरी गेला. पुढे २०१५ च्या डिसेंबरात अॅशलंडच्या पोलाद कारखान्याची झोतभट्टीही थंड झाली.

आता गंमत पाहा. त्या गृहस्थांची मतदारयादीतील नोंद आजही डेमोक्रॅट अशीच आहे. केंटकीत पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या फेरीत, केवळ त्या पक्षाचा नोंदणीकृत मतदारच मत देऊ शकतो, आणि शेरीफ, काउंटी क्लार्क, फार काय, तुरुंगाचा जेलरसुद्धा येथे मतदानाने निवडला जातो. एलियटमध्ये या जागांचा निकाल पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीतच लागत आला. मग तो पक्ष सोडून आपल्याच गावच्या कारभारातला शब्द कोण घालवील? म्हणजे एकाच नावाचे दोन पक्ष होते, एक वॉशिंग्टनचा आणि एक ओळखीचा. या दोहोंना जोडणारा पूल म्हणजे सँडी हूकचेच रॉकी अॅडकिन्स, जे १९८७ पासून राज्याच्या विधानसभेत होते. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवारीत ते अँडी बेशिअर यांच्यामागे दुसरे आले, वर्षअखेरीस गव्हर्नर झालेल्या बेशिअर यांचे सल्लागार झाले, आणि फेब्रुवारी २०२० च्या पोटनिवडणुकीत ती जागा रिपब्लिकन पक्षाकडे गेली. माझ्या मते गावाने खरी कूस बदलली ती तेव्हा. २०१६ चा धक्का फक्त मोठा होता.

वंशभेदाचे कारण तू नक्की काढशील. ते मी नाकारत नाही, पण ओबामांना दोनदा आघाडी देणाऱ्या गावाचा खुलासा तेवढ्याने होत नाही.

निघताना मी त्यांना विचारले, की नोंद कधी बदलणार. पुढच्या मे महिन्यात काउंटीच्या पदांची प्राथमिक फेरी आहे आणि पक्ष बदलायचा तर ३१ डिसेंबरपर्यंत बदलावा लागतो. ते बराच वेळ कोठाराच्या दाराशी रेंगाळले. जेलरच्या जागेसाठी पुतण्या उभा राहण्याच्या विचारात आहे, म्हणाले. तो कोणत्या पक्षातून अर्ज भरतो ते आधी बघू.

वहिनींना नमस्कार सांग. व्याख्यान झाले की लोकांनी काय प्रश्न विचारले ते सविस्तर कळव.

तुझा,
श्रीकांत