उशिरा लिहिलेले आभारपत्र

आदरणीय आशाताई,

सप्रेम नमस्कार.

२६ जानेवारी २०२१ रोजी झेंडावंदनानंतर ग्रामपंचायतीसमोर आम्ही तुम्हाला, गावच्या आशा स्वयंसेविकेला, कोरोनाकाळातल्या कामाबद्दल शाल आणि श्रीफळ दिले होते. आभाराचे भाषण माझ्याकडे होते आणि निवृत्त शिक्षकाच्या सवयीप्रमाणे ते लांबलेही होते. आज आठवून पाहतो तेव्हा ध्यानात येते, की त्या भाषणातले एकूण एक क्रियापद भूतकाळी होते : ताईंनी सर्वेक्षण केले, ताई उन्हातान्हात फिरल्या, गाव वाचले. तो सत्कार तुमचा कमी आणि साथ गेल्याच्या आनंदाचा अधिक होता, म्हणून हे पत्र मी नव्याने लिहीत आहे.

आमचा समज अगदीच निराधार होता असे नाही. सप्टेंबर २०२० मध्ये देशात एका दिवसात ९७ हजारांहून अधिक रुग्ण सापडत होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो आकडा दहा हजारांच्या आसपास आला होता. लसीकरण सुरू झाले होते, ग्रामपंचायतीची निवडणूक गुलालासह पार पडली होती, पाचवी ते आठवीचे वर्ग भरू लागले होते आणि वर्षभर तुंबलेली लग्ने एकामागून एक लागत होती. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतले तुमचे ऑक्सिमीटर आणि तापमापक यंत्र एव्हाना पिशवीत बंद झाले असेल, असे आम्ही गृहीत धरले होते.

सत्काराला पंधरवडाही झाला नव्हता, तोच तुम्ही तीच पिशवी घेऊन दारात उभ्या राहिलात. मी तुम्हाला आत या असेही म्हटले नाही. ‘गेला आता तो कोरोना, उगाच आकडे कशाला वाढवता?’ हे माझे शब्द तुम्ही विसरला असाल, मी विसरलेलो नाही. तुम्ही एवढेच म्हणालात, ‘सर, मागच्या वेळी घरात एक जण आजारी पडत होता. आता पूर्ण घर पडून राहते.’ हजारभर वस्तीच्या चुलीचुलीपर्यंत पोहोचणाऱ्या बाईचे हे निरीक्षण होते. अमरावती आणि अचलपूर शहरांत टाळेबंदी लागली ती २२ फेब्रुवारीच्या रात्री, म्हणजे तुमच्या त्या वाक्यानंतर.

पुतण्याच्या लग्नाहून आल्यावर आमच्या सौभाग्यवतींना कणकण आली. मधुमेह जुना, पण धाप नाही, खोकला बेताचा. लग्नातला थकवा म्हणून आम्ही काढा देत बसलो. तुम्ही न बोलावता आलात. बसलेल्या अवस्थेत प्राणवायूची पातळी ९६ भरली तेव्हा मी जवळजवळ विजयी मुद्रेने तुमच्याकडे पाहिले. तुम्ही मात्र त्यांना अंगणात सहा मिनिटे चालायला लावले, स्वतः घड्याळ धरून शेजारून चालत राहिलात आणि पुन्हा यंत्र बोटाला लावले. ९१. आजारी माणूस बोलत-चालत असतानाच आतून प्राणवायू घसरत जातो, ही या रोगाची खोड मी वर्तमानपत्रात वाचलेली होती. अंगणात ती ओळखली तुम्ही. रुग्णवाहिका तुम्हीच बोलावली आणि अमरावतीच्या सरकारी रुग्णालयात त्यांना त्याच संध्याकाळी खाट मिळाली. एप्रिलमध्ये खाटांसाठी जी वणवण सुरू झाली ती पाहिल्यावर, त्या संध्याकाळचे मोल आम्हाला वेगळे सांगावे लागले नाही.

महाराष्ट्रातल्या नमुन्यांत विषाणूचा नवा प्रकार वाढतो आहे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्चला सांगितले. त्याच कुळातल्या एका प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे रोजी ‘डेल्टा’ हे नाव दिले. तोवर मेमध्ये देशाचा आकडा दिवसाला चार लाखांवर जाऊन आला होता. तुमच्या वहीत त्या प्रकाराचे नाव नव्हते, पण घराघरांतला फरक टिपलेला होता.

आणखी एक गोष्ट लिहिणे मला भाग आहे. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा स्वयंसेविका संपावर गेल्या, तेव्हा पारावर ‘अशा वेळी संप शोभतो का?’ असे म्हणणाऱ्यांत मीही बसलो होतो. तुम्हाला पगार नसतो, कामागणिक मोबदला मिळतो, हे मला तेव्हा कळले. संपाअखेर महिन्याला एक हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मान्य झाला. एका शालीच्या बदल्यात आम्ही तुमच्याकडून काय काय गृहीत धरले होते, याचा हिशोब त्या दिवशी मी प्रथमच मांडला. दारातल्या आणि पारावरच्या, दोन्ही बोलण्यांबद्दल मी क्षमा मागतो.

सौभाग्यवती आता रोज सकाळी त्याच अंगणात फेऱ्या मारतात. तुम्ही ज्या कागदावर ९६ आणि ९१ लिहून दिले होते, तो त्यांनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आहे. तुम्ही कधी याल असे त्या विचारत असतात. या वेळी दारातून बोलणार नाही, आत बसून चहा घ्यावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक निवृत्त शिक्षक
तालुका अचलपूर, जिल्हा अमरावती