तक्रार: ‘संवेदनशील डोळ्यांसाठी’ म्हणून विकलेल्या गॉगलबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: गॉगलच्या जाहिरातीतील खोटे दावे, पैसे परत मिळणे आणि विक्री थांबवणे याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या वेबसाइटवरून मी माझ्या वडिलांसाठी २,४९९ रुपयांचा गॉगल मागवला. वर्णनात तीन गोष्टी ठळक अक्षरांत होत्या: ‘यूव्ही ४००’, ‘पोलराइज्ड’ आणि ‘प्रखर उजेडाचा त्रास होणाऱ्या डोळ्यांसाठी खास’. या तिन्हींपैकी एकही खरी निघाली नाही. मी पैसे परत मागितले, तेव्हा आपल्या ग्राहक सेवेकडून जे उत्तर आलं ते वाचून मला जास्त काळजी वाटली. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझे वडील हर्णै बंदरावर तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेवढे दिवस सोडले, तर त्यांचं आयुष्य समुद्रावरच गेलं. वरून येणारं ऊन टोपी अडवते. पाण्यावर आपटून खालून डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडापुढे टोपीचं काही चालत नाही. इतक्या वर्षांच्या उन्हाने त्यांच्या उजव्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून मांस वाढत वाढत बुबुळावर आलं. मच्छीमारांमध्ये हा त्रास नवा नाही. ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून उजेड अजिबात सोसत नाही. डोळा लाल होतो, चुरचुरतो, पाणी थांबत नाही. हे मांस पुन्हा वाढू शकतं, त्यामुळे अतिनील किरणं पूर्ण अडवणारा आणि बाजूने बंद असलेला गॉगल घातल्याशिवाय बोटीवर पाऊल ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बाजूने बंद का, तेही त्यांनी समजावलं. कानशिलाकडून तिरपा येणारा प्रकाश बुबुळाच्या गोलाईतून वळतो आणि नेमका नाकाकडच्या कडेवर एकवटतो, म्हणजे जिथे मांस वाढलं तिथेच. आपला गॉगल मी हौसेखातर मागवला नव्हता, हे आपल्या लक्षात यावं म्हणून एवढं लिहिलं.

गॉगल आला, बाबा तो घालून गेले आणि संध्याकाळी परतले ते लाल डोळे घेऊनच. “काळोख झाला, पण चकाकी तशीच आहे,” असं ते म्हणाले. पाण्यासारख्या आडव्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश मुख्यतः आडव्या दिशेने कंप पावतो आणि पोलराइज्ड काच तोच अडवते. त्यामुळे काच खरी असेल तर चकाकी कमी व्हायलाच हवी. मी घरच्या एलसीडी टीव्हीसमोर गॉगल धरून हळूहळू पूर्ण फिरवला. पोलराइज्ड काचेतून बघताना एका टप्प्यावर पडदा काळा पडतो. आपल्या काचेतून तो सगळीकडून सारखाच दिसला. मावसभावाच्या पोलराइज्ड गॉगलवर आपला गॉगल आडवा-उभा धरून पाहिला, तरी कुठल्याच कोनात अंधार झाला नाही. ही साधी रंगवलेली काच आहे.

अतिनील किरणांचं मात्र घरी कळत नाही, म्हणून मी दापोलीतल्या एका चष्म्याच्या दुकानात गेले. तिथे काच तपासायचं छोटं यंत्र आहे. आपल्या गॉगलमधून जवळजवळ तिसरा हिस्सा अतिनील किरणं आरपार जात होती. ‘यूव्ही ४००’ म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतची किरणं अडवणारी काच. दुकानदाराने लगेच कारखान्यात वापरतात तसला पॉलिकार्बोनेटचा पांढरा, पूर्ण पारदर्शक गॉगल त्याच यंत्रावर ठेवला. आकडा जवळपास शून्यावर आला. आपला काळाकुट्ट गॉगल जे अडवू शकला नाही, ते त्या बिनरंगी प्लॅस्टिकने अडवलं.

हे सगळं मी कळवलं, त्यावर आपल्या प्रतिनिधीचं उत्तर असं: “प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी असते. जास्त त्रास होत असेल तर आमचा अधिक गडद शेड घ्यावा. वापरलेला माल परत घेतला जात नाही.”

अधिक गडद! हा सल्ला डोळ्यांना अपाय करणारा आहे आणि तो आपल्या कंपनीच्या नावाने लेखी दिला गेला आहे. काचेच्या गडदपणाचा अतिनील किरणांशी काही संबंध नसतो. गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि किरणं अडत नसतील तर ती उलट जास्त प्रमाणात आत शिरतात. उघड्या डोळ्यांनी माणूस निदान डोळे बारीक करतो, तोंड फिरवतो. शिवाय आयएसओ १२३१२-१ या गॉगलसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात काचांचे ० ते ४ असे वर्ग आहेत. तिसऱ्या वर्गाची काच ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते, तर चौथ्या वर्गाची ३ ते ८ टक्के, आणि ती घालून गाडी चालवू नये असं स्पष्ट सांगितलेलं आहे. संध्याकाळी बोटींच्या गर्दीतून बंदरात शिरणाऱ्या तांडेलाला तशी काच घ्यायला सांगणं किती धोक्याचं आहे, याचा आपण विचार करावा. आपल्या गॉगलच्या काडीवर किंवा खोक्यावर वर्ग कुठेच छापलेला नाही, म्हणजे तो कुठल्या वर्गाचा हे ग्राहकाला कळायला मार्गच नाही. काडीजवळ बोट सहज आत जाईल एवढी फट आहे, ती वेगळीच.

त्याच दुकानातून बाबांसाठी राखाडी काचेचा, तिसऱ्या वर्गाचा, कानशिलापर्यंत वळलेला पोलराइज्ड गॉगल घेतला. पैसे घेण्याआधी दुकानदाराने स्वतःहून सांगितलं, की पोलराइज्ड काचेतून जीपीएस आणि फिश फाइंडरचा (मासे शोधायच्या यंत्राचा) पडदा काही कोनांतून काळा दिसू शकतो, तेव्हा आधी बोटीवर नेऊन बघा आणि मगच ठरवा. बाबांनी बघितलं, मान जराशी कलती केली की पडदा वाचता येतो. तपकिरी काचेतून कडा जास्त उठून दिसतात, पण राखाडी काचेत रंग बदलत नाहीत आणि बाबांना पाण्याच्या रंगावरून अंदाज घ्यायचा असतो, हेही त्याने विचारून घेतलं होतं. आपल्या वेबसाइटवर गिऱ्हाईक काय काम करतं, त्याच्या डोळ्यांना काय झालंय, हे विचारायची सोय नसेल. निदान जे छापता ते खरं असायला हवं.

माझ्या मागण्या:

२,४९९ रुपये पूर्ण परत मिळावेत. बिलावर परतीची मुदत ३० दिवस छापलेली आहे आणि मी मुदतीतच कळवलं होतं. दोष असलेला माल ‘वापरलेला’ म्हणून नाकारता येत नाही.

या मॉडेलच्या काचेचा प्रयोगशाळेतला तपासणी अहवाल मला पाठवावा. तो नसेल तर ‘यूव्ही ४००’ आणि ‘पोलराइज्ड’ हे शब्द वेबसाइटवरून आजच काढावेत आणि ज्यांनी हा गॉगल घेतला आहे त्या सर्वांना कळवावं. बाबांना त्रास झाला म्हणून आम्ही तपासणी केली. ज्यांना लगेच त्रास होत नाही ते हीच काच वर्षानुवर्षं विश्वासाने घालत राहतील, आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते.

‘अधिक गडद शेड घ्या’ हा सल्ला लेखी मागे घ्यावा.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणं आपल्यावर बंधनकारक आहे. तसं न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन. आता ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही.

गॉगल मूळ खोक्यासह माझ्याकडे जपून ठेवला आहे. आपण माणूस पाठवून तो न्यावा, कुरिअरचा खर्च मी करणार नाही.

आपली,
एक ग्राहक
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी

सोबत: बिलाची प्रत, वेबसाइटवरील वर्णनाचा स्क्रीनशॉट, यंत्रावरील आकड्यांचे फोटो, टीव्हीसमोर केलेल्या चाचणीचा व्हिडिओ, आपल्या प्रतिनिधीचा ईमेल