मोशन ऑफेन्स बघायला शिकवणाऱ्या काकांना थँक्यू

काका, नमस्कार.

नाव टाकू नकोस असं तुम्ही बजावलंत म्हणून नुसतं काका लिहितोय, पण इंडियानातली आपली मराठी मंडळी ओळखतीलच आणि ओळखू देत, मला हे सगळ्यांसमोरच म्हणायचं होतं. थँक्यू काका. अगदी मनापासून.

कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचे व्हिडिओ कापून एकेका पझेशनला, म्हणजे बॉल एका टीमकडे असण्याच्या एकेका पाळीला, टॅग लावायचं काम मला मिळालं तेव्हा आनंद होताच, नागपूरला शाळेपासून खेळलेलो त्यामुळे गेमही ओळखीचा, पण आम्ही खेळायचो ते ठरलेले प्ले, कोचने बोटं दाखवली की कोण कुठे पळणार हे पाठ. इथे कोच म्हणाले आपण हाफ कोर्टमध्ये मोशन खेळतो, म्हणजे पाठ केलेल्या प्लेशिवाय सतत हलत राहायचं. क्लिपा बघायला बसलो तर एक पझेशन दुसऱ्यासारखं दिसेना, पाचही जण सारखे हलतायत, पास, कट (बॉलशिवाय मोकळ्या जागेत एकदम पळणं), स्क्रीन (सोबत्याच्या डिफेंडरच्या वाटेत उभं राहणं), परत पास, आणि 30 सेकंदांच्या शॉट क्लॉकमधले वीसेक सेकंद गेले की एकदम कोणीतरी रिंगखाली मोकळा. आता याला टॅग काय लावायचा?

तुम्ही मला बेसमेंटमध्ये बसवलंत, जुन्या मॅच लावल्यात आणि पहिलं काय सांगितलंत तर बॉलकडे बघणं बंद कर. कबड्डीत चढाईला आलेल्याच्या पायांवर नजर असते ना, तसं इथे डिफेंडरचे पाय बघ, कारण मोशनमध्ये प्ले कोच ठरवत नाही, डिफेंडर ठरवतो. मग तुम्ही एकच डाऊन स्क्रीन (रिंगच्या दिशेने खाली जाऊन लावलेली) पुन्हा पुन्हा मागे घेऊन दाखवलात. डिफेंडर स्क्रीनमागून पाठलाग करत आला तर कटर स्क्रीनला वळसा घालून आत येतो, तो कर्ल. डिफेंडरने आतून शॉर्टकट मारला तर कटर उलटा बाहेर सरकतो, तो फेड. पास अडवायला तो आधीच वर जाऊन उभा राहिला तर सरळ त्याच्या पाठीमागून रिंगकडे, बॅकडोर. आणि दोघा डिफेंडरांनी माणसं बदलली तर स्क्रीन लावणाराच बॉलकडे उघडतो. त्या दिवशी घरी जाऊन सगळ्या क्लिपा परत बघितल्या आणि जो गोंधळ वाटत होता तो सगळा प्रश्न-उत्तरांचा खेळ निघाला, खरंच सांगतो काका, झोप लागली नाही.

स्क्रीन लावणाऱ्यावर तुम्ही किती वेळ बोललात! माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच. कटरला थांबवायच्या नादात दोन डिफेंडर त्याच्याकडे ओढले जातात आणि स्क्रीन लावणारा एकटा राहतो, म्हणजे जो दुसऱ्यासाठी अंग लावतो त्यालाच बऱ्याचदा सोपा शॉट मिळतो. पण त्यासाठी कटरने घाई करायची नाही, स्क्रीन नीट लागेपर्यंत थांबायचं, आपल्या डिफेंडरला आधी चालत चालत त्या स्क्रीनकडे न्यायचं आणि मग खांद्याला खांदा घासून निघायचं. आणि दोन खेळाडूंमध्ये पंधरा ते अठरा फूट अंतर हवंच, नाहीतर एकच डिफेंडर दोघांना सांभाळतो आणि सगळी मेहनत वाया.

कोच बॉब नाइट यांच्या इंडियाना युनिव्हर्सिटीच्या टीमबद्दल तुम्ही बोलायला लागलात की थांबत नव्हतात. 1976 ची ती टीम, 32 पैकी 32 मॅच जिंकलेली, फायनलला हाफ टाइमला मिशिगनच्या 6 पॉइंट मागे आणि शेवटी 86-68. नाइट यांचा राग, खुर्ची फेकणं वगैरे तुम्ही लपवलं नाहीत, त्यातलं काही घेऊ नकोस असंही स्पष्ट सांगितलंत, ते मला फार आवडलं. पण मला खरं मोशन कळलं ते 1987 च्या फायनलच्या शेवटच्या पझेशनवरून. सिराक्यूज एका पॉइंटने पुढे, नाइट टाइमआउट घेत नाहीत, स्टीव्ह अल्फर्डने त्या मॅचमध्ये 7 थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) मारलेल्या म्हणून त्याला कोणी सोडतच नाही, तर बॉल कीथ स्मार्टकडून आत डॅरिल थॉमसकडे जातो, थॉमसला शॉट नीट दिसत नाही म्हणून तो जबरदस्ती न करता परत स्मार्टला देतो, स्मार्टचा बेसलाइनवरून (रिंगमागच्या रेषेजवळून) उडी मारून शॉट, म्हणजे जम्पर, 74-73. तुम्ही थॉमसवर पॉज केलंत आणि म्हणालात, सगळे स्मार्टचं नाव घेतात, तू ह्याला बघ. मी अजूनही ह्यालाच बघतो.

आता आमच्या टीमच्या क्लिपांना मी प्लेच्या नावाने टॅग लावत नाही. डिफेंडरने काय केलं आणि कटरने काय वाचलं, एवढंच. कोचना ते आवडलं, प्रॅक्टिसच्या आधी आता तशाच क्लिपा दाखवतात आणि मग मुलांना ड्रिबल न करता पाच-पाच खेळायला लावतात, म्हणजे कट आणि स्क्रीनशिवाय बॉल पुढे जाऊच शकत नाही. आमच्या सेंटरला आधी वाटायचं की स्क्रीन लावणं म्हणजे नुसती हमाली, पण स्वतःच्या मोकळ्या राहिलेल्या क्लिपा एका मागोमाग एक बघितल्यावर तो आता बॉल मागून घेतो, आणि मिळतोही.

काका, तुम्हाला यातलं काहीच करायची गरज नव्हती. दिवसभर नोकरी करून, वर काकूंच्या हातचं जेवायला घालून, एका अनोळखी पोराला तुम्ही एकच क्लिप कितीदा मागे घेऊन दाखवलीत, आणि एकदाही वैतागला नाहीत.

नोव्हेंबरमध्ये सीझन सुरू होतोय, पहिल्या होम मॅचला तुमच्यासाठी आणि काकूंसाठी बेसलाइनच्या मागच्या सीट धरतोय, तिथून बॅकडोर कट नीट दिसतात. नक्की या.

तुमचाच,
व्हिडिओवाला पोरगा