रमाबाईंचे केडगाव का गाळता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. त्या सुमारास त्यांच्यावर लेख येतात आणि बहुतेकांची वाट ठरलेली असते: कलकत्त्यात मिळालेली ‘पंडिता’ पदवी, १८८२ चा आर्य महिला समाज, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढची साक्ष, १८८९ चे विधवांसाठीचे शाळा-वसतिगृह शारदा सदन. पुढे ख्रिस्ती धर्मांतराचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो आणि लेख थेट १९२२ मधल्या मृत्यूपाशी येतो. मधली पंचवीस वर्षे रमाबाई पुणे जिल्ह्यातल्या केडगावात होत्या. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम तिथलेच.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, निराधार मुली आणि बालविधवा गोळा करून आणल्या. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नव्हते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई-वडील आणि बहीण गमावली होती. पुण्यात प्लेगमुळे इतक्या मुली ठेवता येईनात, तेव्हा केडगावच्या शेतजमिनीवर तंबू ठोकून राहण्याची सोय केली. तेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. एवढ्या जिवांना रोज जेवू घालायचे, आजारपणे काढायची आणि शिवाय प्रत्येकीच्या हाताला काम द्यायचे! शेती, दुभती जनावरे, विणकाम, तेलाचा घाणा, सगळे मुलीच सांभाळत. छापखान्यात खिळे जुळवायलाही त्याच. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. घरातून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. प्लेगच्या काळात सरकारी व्यवस्थेत स्त्रियांचे जे हाल होत, त्यावर रमाबाईंनी वर्तमानपत्रातून सरकारला जाहीर जाब विचारला.

हे सारे त्यांनी ख्रिस्ती श्रद्धेतून केले आणि ते कधी लपवले नाही. म्हणूनच आपण हा भाग टाळतो, असे मला वाटते. शारदा सदनाबद्दल १८९३ मध्ये जो वाद झाला, त्यातली पालकांची अस्वस्थता मी समजू शकते. तिथे धर्मप्रसार होणार नाही, अशा भरवशावर त्यांनी मुली पाठवल्या होत्या. रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही त्या वेळी दूर झाले. हा वाद जरूर लिहावा, पण त्यापुढचे आयुष्य पुसू नये.

शिवाय रमाबाई चर्चच्या हुकमाखाली वागणाऱ्या नव्हत्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांचे मत पडले, तेव्हा त्यांनी गुरुस्थानी असलेल्या ख्रिस्ती संन्यासिनीला स्पष्ट लिहून कळवले की माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या स्वाधीन करणार नाही. पुण्याच्या सनातन्यांना जी बाई झेपली नाही, ती इंग्लंडच्या धर्मगुरूंनाही झेपली नाही.

अखेरच्या वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करत होत्या, अल्पशिक्षित बायकांना ते वाचता यावे म्हणून. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. तिच्यावरच पुढची सारी भिस्त होती. तरीही त्यांनी भाषांतर तडीस नेले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत प्राण सोडला.

ते मुक्ती सदन आजही मुक्ती मिशन या नावाने केडगावात चालू आहे. पुणे-दौंड लोहमार्गावरचे हे गाव पुण्यापासून फार लांब नाही. आपल्या दैनिकाने येत्या स्मृतिदिनाला तिथे वार्ताहर पाठवावा, आज तिथे राहणाऱ्या स्त्रियांशी बोलावे आणि पुरवणीचे एक पान केडगावला द्यावे, ही विनंती. पुणे जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांनाही माझे सांगणे आहे की सहलीच्या यादीत किल्ले आणि देवस्थाने असतात, त्यांच्या जोडीला संस्थेची परवानगी काढून केडगावही असू द्यावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, दौंड