स्पिनालोंगाच्या तटाआडची वस्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रीसच्या क्रीट बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, एलुंडाच्या खारकच्छाच्या तोंडाशी असलेल्या स्पिनालोंगा या चिमुकल्या बेटाविषयी प्रवासवर्णनांतून लिहिले जाते तेव्हा व्हेनिसच्या किल्ल्याची थोरवी भरभरून येते आणि तेथील कुष्ठरोग्यांची वसाहत मात्र अंगावर काटा आणणाऱ्या एका वाक्यात उरकली जाते. विदर्भातील वाचकांसाठी तरी हा क्रम बदलायला हवा, असे मला मनापासून वाटते.

किल्ल्याचे महत्त्व निर्विवाद आहे. १५७९ साली व्हेनिसने त्याचे बांधकाम हाती घेतले ते आतील बंदर आणि मिठागरे राखण्यासाठी. १६६९ मध्ये कँडिया (आजचे हेराक्लिओन शहर) पडून क्रीट तुर्कांच्या ताब्यात गेले, तरी हे बेट १७१५ पर्यंत व्हेनिसकडेच टिकले. पुढे तेथे मुस्लिम वस्ती वाढली.

१९०३ मध्ये स्वायत्त क्रीटच्या शासनाने येथे कुष्ठरोग्यांना ठेवण्याचे ठरवले आणि शत्रूला बाहेर रोखणारा तोच तट रुग्णांना आत कोंडण्याच्या कामी आला. या माणसांनी मात्र तेथे दुकाने थाटली, लग्ने केली, मुले वाढवली. १९३६ मध्ये एपामिनोंडास रेमुंदाकिस हा कायद्याचा विद्यार्थी रुग्ण म्हणून बेटावर आला आणि त्याच्या पुढाकाराने रुग्णांनी आपली संघटना उभारून स्वच्छता, औषधे व सन्मानाच्या वागणुकीसाठी शासनाकडे धसास लावून मागण्या केल्या. बेटाभोवती फिरण्याजोगा रस्ता व्हावा म्हणून तटबंदीचा काही भागही फोडला गेला. वास्तूच्या जाणकारांना याची हळहळ वाटेल. माझ्या मते ती खिंडारेही बुरुजांइतकीच जपण्याजोगी आहेत. परिणामकारक औषधे आल्यानंतर १९५७ साली वसाहत बंद झाली.

त्याच १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठसेवेचे काम सुरू केले आणि १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्यास महारोगी सेवा समिती स्थापन केली, ज्यातून आनंदवन उभे राहिले. ही दोन्ही ठिकाणे नागपूरहून काही तासांच्या अंतरावर आहेत. आपल्या पुरवणीत परदेशी किल्ल्यांवर लेख येतात, ते यावेतच. परंतु स्पिनालोंगावर लिहिताना रेमुंदाकिस आणि त्याच्या सोबत्यांना किमान अर्धा लेख द्यावा आणि त्याला जोडूनच दत्तपूरच्या जुन्या रहिवाशांच्या आठवणी छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नागपूर