थाई 'रोक' म्हणजे दर वेळी रोग नव्हे

महोदय,

थाई मजकूर मराठीत आणताना आजारांचे शब्द हमखास दगा देतात, कारण त्यांतले निम्मे ओळखीचे वाटतात. आपला रोग तिथे 'रोक' होतो, चित्त 'चित' होतं. आकाराचा 'आकान' होतो, पण त्याचा अर्थ लक्षण. 'आकान नक' म्हणजे प्रकृती गंभीर. प्रेमात पार वाया गेलेल्या मित्रालाही हेच म्हणतात.

सगळ्यात बहारीचा शब्द 'रोक सप चांग'. रक्तक्षयाला थाईत 'रोक लोहित चांग' म्हणतात, म्हणजे रक्त फिकं पडण्याचा रोग. त्यातलं लोहित काढून तिथे 'सप' बसवला. हा सप संस्कृत 'द्रव्या'वरून आलेला. झाला द्रव्यक्षय! त्याला सर्दी-तापाला लागतं तेच 'पेन' हे क्रियापद लागतं, त्यामुळे थट्टा अगदी डॉक्टरी थाटात होते. मराठीत इथे 'खिशात खडखडाट' हवा. कार्यक्रम पुढे ढकलला की त्याला 'रोक लुअन' झाला म्हणतात. लुअन म्हणजे सरकणं. हर्नियाला 'साइ लुअन' म्हणतात, आतडं सरकणं.

'चाइ' म्हणजे मन. छातीतला अवयव 'हुआ चाइ'. म्हणून 'चेप चाइ' हे हृदयाचं दुखणं नव्हे, अपमान जिव्हारी लागणं आहे. छातीत खरोखर दुखत असेल तर 'चेप ना ओक' म्हणतात. 'खाइ चाइ' हा प्रेमज्वर, आणि तो मराठीत जसाच्या तसा चालतो.

'रोक चित'ला मात्र जपावं. शब्दशः तो मनोरोग, पण बोलण्यात बहुतेकदा विकृत माणसाला लावतात. तिथे 'मनोरुग्ण' लिहिलं तर अर्थ बिघडतो आणि खऱ्या रुग्णांवर अन्याय होतो तो वेगळाच.

राहिला 'हा' हा थाई शब्द. मूळ अर्थ जीवघेणी साथ, विशेषतः पटकी. 1820 च्या पटकीत बँकॉकच्या वाट साकेत मंदिरात प्रेतांचा खच पडला. तिथली गिधाडं आजही बोलण्यात येतात. त्याच 'हा'ची 'आइ हा' ही शिवी झाली. ती रागात येते, तशी जिगरी दोस्तांतही. दोस्तांत आपला 'मेल्या' चपखल बसतो. अनोळखी माणसाशी भांडताना तो मिळमिळीत वाटतो. तिथे इरसाल शिवीच हवी, आणि ती छापायची की नाही हे आपण ठरवावं.

– थाई भाषेचा एक अभ्यासक