लिंबोळी दाखवणाऱ्या काकांना

काका, सा. न.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून नुसतं काका. प्रतापनगरच्या पुलाकडे तुमची पत्र्याची शेड आहे. बुधवारी दिवेलागणीला छतावर निळी ताडपत्री बांधलेली पांढरी गाडी घेऊन एक बाई आली होती ना, ती मी. पैसे देऊन निघाले तेव्हा तोंडातून धड शब्दसुद्धा फुटला नाही. आठवडा झाला, तरी त्या संध्याकाळची आठवण आली की गळा दाटून येतो. म्हणून हे पत्र.

आधीचे तीन दिवस कसे गेले ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. आम्ही बडोद्यात समाला राहतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं, त्यात आमची जुनी गाडी गेली. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा सीटवर चार बोटं चिखल होता. तेव्हापासून गाडीत पाणी जायचं नुसतं नाव निघालं तरी मला धडकी भरते. आणि आता भर आषाढात या गाडीचं सनरूफ उघडंच अडकलं. बटण दाबलं की काच चार बोटं पुढे यायची, थबकायची आणि परत मागे जायची. रात्री दोनदा उठून गॅलरीतून ताडपत्री जागेवर आहे का बघायचे. गुरुवारी सकाळी सातला सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. हे कामासाठी दहेजला. सगळं माझ्यावर.

मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. काचेच्या केबिनमधल्या मुलाने गाडीत डोकंही न घालता सांगितलं, पूर्ण युनिट बदलावं लागेल, अडुसष्ट हजार, पार्ट यायला पंधरा दिवस. तोवर काय करू, तर म्हणाला, पावसात काढू नका. जुलै महिन्यात, बडोद्यात! मी विचारलं, नेमकं बिघडलंय काय? त्यावर त्याने मलाच विचारलं, "साहेब कधी येतील? त्यांना समजावतो." काका, अडुसष्ट हजारांपेक्षा ते वाक्य जास्त लागलं. गाडी माझ्या नावावर आहे, हप्ते माझ्या पगारातून जातात.

दुसरीकडे एका दुकानात दोघांनी काच हातांनी रेटली, वरून भसाभसा काळं ग्रीस ओतलं, आणि होती नव्हती ती हालचालही बंद झाली. त्यांच्याविषयी आणखी लिहीत नाही. शेवटी आमच्या नेहमीच्या रिक्षावाल्याने तुमची शेड दाखवली.

तुम्ही आधी साबणाने हात धुतले. मग मला विचारलंत, "गाडी कुठे उभी करता, ताई?" तीन दिवसांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी म्हटलं, सोसायटीत, कडुलिंबाखाली. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात, स्टुलावर चढलात, मोबाइलचा टॉर्च दातांत धरलात आणि जुन्या टूथब्रशने हळूहळू ते काळं ग्रीस काढायला लागलात. मी बाकावर बसून आभाळाकडे बघत होते. मांडवीच्या बाजूने अंधारून येत होतं.

आणि मग तुम्ही हाक मारलीत. "जरा आवो ने, ताई. काढायच्या आधी बघून घ्या."

काढायच्या आधी. काका, हे पत्र मी एवढ्याचसाठी लिहिते आहे. तुम्ही मला स्टुलावर चढवलंत, स्वतः खाली उभे राहून स्टूल धरलंत आणि टॉर्च माझ्या हातात दिलात. डाव्या बाजूच्या ट्रॅकच्या खाचेत, ग्रीस आणि धुळीच्या लगद्यात, एक लिंबोळी बसली होती. सालपट सुकून बीला चिकटलेलं, वर काळा थर. माझ्या करंगळीच्या नखाएवढी. मी बघितल्यावरच तुम्ही ती चिमट्याने उचललीत, चिंधीला पुसलीत आणि माझ्या तळहातावर ठेवलीत.

तुम्हाला ती गुपचूप खिशात टाकता आली असती. मोटर गेली होती, दुरुस्त केली, पाच हजार द्या, असं म्हणाला असतात तर मी हात जोडून दिले असते. मला काय कळणार होतं? त्याऐवजी तुम्ही समजावून सांगितलंत. काच बंद होताना मध्ये पोराचा हात आला तर चिरडू नये, म्हणून कुठे अडथळा लागला की मोटर काच मागे नेते. तिला बोट आणि लिंबोळी सारखीच. "गाडी बिघडली नव्हती, ताई. जपत होती." रेटारेटीत फ्यूज उडाला होता, तो बदललात. ट्रॅक कोरडा पुसून सिलिकॉनच्या ग्रीसचा हलका हात फिरवलात, कारण दाट ग्रीस धूळ धरून ठेवतं. मग बटण दाबून ठेवायला मलाच सांगितलंत. काच पुढे आली, थबकली नाही, टक् करून बसली. मला तिथेच रडू आलं. तुम्ही लगेच पाठ वळवून पाना पुसत बसलात, तेही माझ्या लक्षात आहे.

एवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. पण काच पुन्हा उघडून तुम्ही चहाच्या ग्लासने कोपऱ्यात थोडं पाणी ओतलंत आणि मला खाली वाकून बघायला लावलंत. ते दाराच्या खांबातल्या नळीतून चाकाजवळ ठिबकलं तेव्हा कुठे तुमचं समाधान झालं. सनरूफमध्ये थोडं पाणी जाणारच, ते जायची वाट मोकळी हवी, हेही मला तेव्हाच कळलं. तुम्ही तीनशे रुपये घेतलेत. जास्त देऊ केले तर म्हणालात, "फ्यूजचे वीस, बाकी माझ्या हाताचे. झाले की."

माझे आजोबा कलाभवनात शिकले होते. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली ते निघालं, आणि बापाने फक्त मुलालाच द्यायची ती हातातली विद्या तिथे वर्गात बसून कुणालाही शिकता येऊ लागली, हे आजोबा फार अभिमानाने सांगत. लहानपणी आम्हाला ते कंटाळवाणं वाटे. त्या संध्याकाळी स्टुलावर उभी असताना मला आजोबा आठवले. तुम्ही कुठे शिकलात मला माहीत नाही, पण तुम्ही मला गाडीची मालकीण म्हणून, कळू शकणारं माणूस म्हणून वागवलंत. असं वागवून घ्यायची सवयच सुटली होती हो, काका.

परतताना अकोट्याच्या पुलावर पावसाने गाठलं. असा कोसळला की वायपर पुरेना. सिग्नलला मी हात वर करून छताचं कापड चाचपलं. कोरडं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेही धो धो होता. आई मागच्या सीटवर शाल पांघरून बसल्या होत्या, त्यांच्यावर एक थेंब पडला नाही. ऑपरेशन छान झालं.

डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा आईंनी आधी नातवाचा चेहरा बघितला. मग म्हणाल्या, "ती लिंबोळी आण बघू." मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवली आहे. त्यांनी ती चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात कितीतरी वेळ फिरवून बघितली. "एवढीशी!" म्हणाल्या, आणि तुम्हाला त्यांचा आशीर्वाद कळवायला सांगितलं आहे.